रिपोर्ट येईपर्यंत

तळोद्याच्या जीपस्टँडवर सुपडूचा आवाज ऐकला नाही, असा माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी सापडणं कठीण. "मोलगी, मोलगी, मोलगी! चला, निघनी, निघनी!" डोंगरातल्या मोलगी गावाच्या जीपमध्ये कुत्रंही बसलेलं नसायचं, पण हा म्हणणार, निघाली! सत्तावीस वर्षं हाच धंदा. माणसं हाकारायची, जीप भरायची, दुसरी पुढे घ्यायची. डोंगरातून आलेल्याशी भिलीत नाहीतर पावरीत, व्यापाऱ्याशी गुजरातीत, साहेबलोकांशी पुस्तकातल्या मराठीत आणि उरलेल्या जगाशी अहिराणीत. शाळा चौथीपर्यंत, पण जीभ पाच भाषांची. अहो, दुसरं होतं काय त्या गड्याकडे? ना शेत, ना नोकरी. जीभ चालायची म्हणून घर चालायचं.

दिवाळीनंतर त्याच जिभेच्या उजव्या कडेला चट्टा उठला. तंबाखू-चुन्याची चिमूट वर्षानुवर्षं त्याच बाजूला. आधी तिखट सोसेना, मग चहा सोसेना. शेवटी बायको कौसाबाईने हाताला धरून सुरतेला नेलं, कारण मुलगा योगेंद्र तिथे साडीच्या कारखान्यात कामाला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर.

डॉक्टर मोहिनीबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "जिभेचा तिसरा हिस्सा काढावा लागेल. मानेत अजून गाठ दिसत नाही, हे नशीब. पुढच्या मंगळवारी भरती व्हा. बोलणं थोडं बदलेल, पण बोलाल."

बोलणं बदलेल! पुढचं सुपडूने काही ऐकलंच नाही.

त्या दिवशी योगेंद्रने मोबाइलवर आपल्या मुकादमाच्या भावाचा फोटो दाखवला. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता. त्याच्या गाठीची जनुकं तपासली, त्यात कसलीशी खूण सापडली आणि नेमकी त्या खुणेवर चालणारी गोळी मिळाली. माणूस आज हिंडतोफिरतो. "आबा, कापू देऊ नका," योगेंद्र म्हणाला. "आते जमाना बदली गया. पहिले तपासनी करानी, मंग गोयीवर भागस."

मोहिनीबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "फुप्फुसाचं वेगळं, जिभेचं वेगळं. जिभेच्या गाठीतही जनुकांचे बदल सापडतात, पण ऑपरेशन टाळता येईल अशी गोळी त्यांवर आज नाही. तपासणी करायचीच तर करा, पुढे आजार उलटला तर कदाचित कामाला येईल. पण तिच्यासाठी थांबू नका." तपासणी करा, एवढंच बापलेकांनी ऐकलं, बाकी सगळं सोडून दिलं. मेणात जपलेला गाठीचा तुकडा खाजगी लॅबला गेला. रिपोर्टला तीन आठवडे. मंगळवार आला आणि गेला.

आता तीन आठवडे म्हणजे काय, ते सुपडूला विचारा! पायाला भिंगरी लागली. घरात बसला की उठायचा, उठला की दारात, दारातून स्टँडवर. जीप अर्धी भरायची आणि याचा हात खिशातल्या फोनकडे. योगेंद्रला दिवसातून आठ वेळा फोन, रिपोर्ट आला का म्हणून. "उनं का रे?" "नई, आबा." फोन ठेवला की जीभ दातांवर फिरवून चट्टा चाचपायचा. वाढला का? नाही वाढला. वाढला असेल का? आरशात बघायचा आणि आरसा पालथा घालायचा. ड्रायव्हर दगाने विचारलं, "सुपडूभाऊ, बरं नई का?" तर त्याच्यावरच खेकसला. कधी कोणावर न चिडणारा माणूस, येता-जाता कावू लागला.

एकविसाव्या दिवशी लॅबचा निरोप आला. तुकडा अपुरा पडला, दुसरा पाठवा, आणखी दोन आठवडे. योगेंद्रने दवाखान्यातून दुसरा पाठवला.

कौसाबाईचा संयम सुटला. हातातलं भांडं तिने ओट्यावर आपटलं. "गोयी येनार शे म्हने! अन् तवलोंग ती गाठ काय हात जोडी बसनार शे? डॉक्टरीनबाईनी सांगं, थांबू नका. तुम्हना कान कुठे गयथात?"

"तुले काय समजस!" सुपडू ओरडला. ओरडताना जीभ दाताला लागली आणि तोंडात रक्त आलं. ते त्याने गुपचूप गिळलं. भीती वाटत होती हो त्याला. मरणाची कमी, मुकं होण्याची जास्त. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण याने काडीसाठी काठ सोडला होता आणि ते त्याला आतून कळतही होतं.

पस्तिसाव्या दिवशी, भर बाजारात, गळ्यातला रुमाल सारखा करताना बोटाला काहीतरी लागलं. जबड्याखाली, उजवीकडे. बोराएवढं, टणक. त्याने दाबलं, सोडलं, परत दाबलं. जीप अर्धी भरलेली तशीच टाकून तो घरी आला. "कौसा, कपडा भर. आपन सुरत जाऊत. आजच."

रिपोर्ट अजून आलेलाच नव्हता. ऑपरेशन झालं. अर्धी जीभ गेली, मानेतल्या गाठी काढल्या.

त्यानंतर आठव्या दिवशी मोहिनीबाई तपासायला आल्या, तेव्हा योगेंद्र औषधं आणायला खाली गेला होता. नाकात नळी, मानेला पट्टी. सुपडूने वही ओढून लिहिलं, 'पहिल्या मंगळवारी आलो असतो तर?'

मोहिनीबाईंनी वही वाचली. "तेव्हा मानेत गाठ दिसत नव्हती," त्या म्हणाल्या. "जीभही जास्त राहिली असती." सुपडूने ते पान फाडलं, चुरगाळलं आणि उशीखाली कोंबलं.

तेवढ्यात योगेंद्र आला, हातात मोबाइल. रिपोर्ट आला होता. मोहिनीबाईंनी वाचला. गाठीत दोन बदल सापडले होते, दोन्ही तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिसणारे. आज त्यांवर देता येईल असं औषध नव्हतं. ऑपरेशन तसंही करावंच लागलं असतं, पुढे किरणोपचार द्यायचे होते ते द्यायचेच होते.

योगेंद्रने बापाच्या पलंगाची कड धरली. "आबा, मी कापू देऊ नका सांगं, मन्हामुये उशीर व्हयना ना? खरं सांगा."

सुपडूने वहीकडे हात नेला आणि मागे घेतला. अजून चार दिवस बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्याने उरलेली जीभ उचलली. टाक्यांतून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"नई," तो म्हणाला.

शब्द फुटका निघाला. योगेंद्रला तो कळला, आणि त्याचा त्यावर विश्वास बसला.