मधली तार

पलसाण्याच्या आमच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, फोन एकच, आणि तो आमच्या खानदेशी हेडक्लार्कच्या टेबलावर. शेठ तिकडे शहरात, पर्वत पाटियाच्या दुकानात बसायचे. रंगमास्तर उत्तर प्रदेशचे, आत मशिनांच्या घरघरीत. दोघांचं सगळं बोलणं या गृहस्थांमार्फत चालायचं.

शेठ गुजरातीत असे कडाडायचे की शेजारच्या टेबलावर मलाही ऐकू येई, "ए गधेडाने पूछ, माल क्यां छे?" हे शांतपणे रिसीव्हर ठेवत, चपला घालत, केसांवरून हात फिरवत आणि आत जाऊन सांगत, "मास्टरजी, सेठ आपकी तबियत पूछ रहे थे. और हां, माल भी." मास्तर शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. फोनवर येईपर्यंत त्या शिव्यांची माफी झालेली असे.

"एवढं खोटं बोलता?" मी एकदा विचारलं.

"खोटं कसाचं भाऊ? तार लांब शे. शिव्या वाटमा गळी जातस."

मग एका लॉटच्या गुलाबी साड्या जांभळ्या निघाल्या आणि शेठ स्वतःच गाडी काढून आले. थेट मास्तरांसमोर. शेठ चक्क हिंदीत, अख्ख्या खात्याला कळेल असं बरसले. मास्तरांनी सवयीनं यांच्याकडे पाहिलं. "क्या बोल रहे हैं?"

"तबियत पूछ रहे हैं," हे म्हणाले.

मास्तरांनी दातओठ खात, समोरासमोरच, शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेठनी ते नीट ऐकलं, घाम पुसला आणि यांच्याकडे वळून विचारलं, "शुं कहे छे?"