काकांचं नाक

आमच्या पबमधली बिअर पिण्याजोगी आहे की नाही हे जे ठरवत, ते स्वतः बिअरचा थेंबही घेत नसत. ते फक्त वास घेत. सगळे त्यांना अंकल म्हणत. आम्ही दोन-चार मराठी माणसं पिंपकाका म्हणायचो.

सिंगापूरमध्ये, क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकखालच्या दुकानांच्या रांगेत तो पब होता. मालक सोडून निघाला तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी मिळून तो चालवायला घेतला. २०१० नंतरची ती वर्षं. मी आठवडाभर आंग मो किओला नोकरी करायचे आणि रविवारी दुपारी, सभासद म्हणून, काउंटरवर हातभार लावायचे. कोपऱ्यात एक निवृत्त मलाय बसड्रायव्हर गिटार वाजवायचा. ज्याला यायचं तो गायचा.

काका पुण्याचे, निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. पिंपांच्या खोलीचा गारवा टिकेना म्हणून त्यांना एकदा बोलावलं, ते कायमचेच आले. "ही बिअर जिवंत असते, पिंपातही मुरत राहते," ते नवख्यांना सांगत. "डब्यातली झोपवलेली असते." पिंप आलं की दोन दिवस त्याला कुणी हलवायचं नाही. मग काका पेलाभर काढत, उजेडात धरत, डोळे मिटून हुंगत. पब सांभाळणारी मेई दारातून विचारी, "अंकल, कॅन ऑर नॉट?" काका म्हणत, "कॅन," म्हणजे चालेल. किंवा, "टुमॉरो." टुमॉरो म्हटलं की कितीही गिऱ्हाईक असो, ते पिंप उघडत नसे.

अंगाला बिअरचा वास येतो म्हणून घरी काकू त्यांना आंघोळीशिवाय देवाजवळ जाऊ देत नसत. काकांची त्याला हरकत नव्हती. "तिचं बरोबर आहे. मला वास येत नाही म्हणून तिलाही येऊ नये, असं कसं?" असं ते हसून म्हणायचे. मला तेव्हा ते नुसतं विनोदाचं बोलणं वाटलं.

एका रविवारी "कॅन" म्हणून ते घरी गेले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने ग्लास खाली ठेवला. मेईने घोट घेतला, माझ्याकडे सरकवला. बिअर आंबून व्हिनेगर झाली होती. मेईने फळ्यावर 'संपली' असं लिहिलं. त्या दिवसापासून काका गेले की आम्ही दोघी गुपचूप पिंप चाखू लागलो. त्यांना सांगायचं कुणी, यावर आमचं एकमत होईना.

तीन आठवड्यांनी ते चष्मा विसरला म्हणून परत आले. मेईच्या हातात पेला होता.

"किती दिवस चाललंय?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"तीन आठवडे."

ते पिंपावर हात ठेवून उभे राहिले. "परवा घरी आमटी करपली, मी शेजारीच बसलो होतो. हिला म्हटलं, लक्ष नव्हतं."

पुढच्या रविवारी गाणं सुरू होण्याआधी काका गिटारवाल्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझं नाक गेलं आहे. खराब पिंप मी चांगलं म्हणून दिलं. आजपासून मेई बघेल." कुणी म्हणालं, अंकल, नुसते बसायला तरी या. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खोलीची किल्ली मेईच्या हातात दिली.

तरी महिनाभर ते तिला शिकवायला येत राहिले. नंतर पुण्याला मुलीजवळ जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही."

"वाईट वाटलंच की," ते म्हणाले. "वर तीन आठवडे फुकट गेले. मेईचं आणखी थोडं शिकून झालं असतं."

ते गेल्यावर मेईच्या हातून दोन पिंपं बिघडली. दोन्ही वेळा तिने गिटार थांबवायला लावली आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. दुसऱ्या वेळी मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.