एकशे दहाच्या आत

शिट्टी तिकीट-खिडकीच्या आत खिळ्याला टांगलेली होती आणि बाई तिकिटं फाडता फाडता दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत होत्या.

सव्वीस वर्षं बाईंनी याच तरणतलावाच्या काठावर येरझाऱ्या घालत लोकांना पोहायला शिकवलं होतं. न्यायाधीश असो की न्हावी, पाण्यात उतरला की बाई त्याला अरे-तुरेच करायच्या. एवढ्या वर्षांत ओल्या फरशीवर एकदाही पाय घसरला नाही, आणि घसरला तो कुठे? स्वतःच्या घरच्या कोरड्या ठणठणीत जिन्यात! घोटा मोडला, दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि बाई अकरा महिने पाण्याबाहेर राहिल्या. परत आल्या तेव्हा व्यवस्थापकांनी गोड बोलून त्यांना खिडकीत बसवलं.

"शिकवणाऱ्यांसाठी नियम आहे, बाई. न थांबता आठ फेऱ्या, मग दोन मिनिटं बसायचं, आणि नाडी एकशे दहाच्या आत आली पाहिजे. महिनाअखेरीला मोजू. नाहीच जमलं, तर खिडकी काही वाईट नाही. पंखा आहे."

पंखा आहे म्हणे! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी पाण्यात उडी टाकली आणि हात आपोआप जुन्या वेगाने सुटले. जुने पोहणारे फसतात ते इथेच. हातांना सगळं आठवत असतं, खांद्यांना, पायांना, मान कुठे वळवायची तेसुद्धा. छातीला तेवढं काही आठवत नाही. दोन फेऱ्या झोकात झाल्या. तिसरीच्या अर्ध्यावर बाई कठड्याला लोंबकळत होत्या, तोंड उघडं, डोळ्यांपुढे काजवे. मनगटावर लेकीने दिलेलं घड्याळ कोकलत होतं. एकशे चौसष्ट. दोन मिनिटांनी पाहिलं तर एकशे अडतीस.

झालं! त्या आकड्याने बाईंना पछाडलंच. जिना चढताना बघ, भाजी चिरताना बघ, कुणी बोलत असताना मध्येच मनगट वळवून बघ. बसलं तर चैन नाही, उठलं तर धडधड. शेवटी लेक वैतागली.

"आई, तू आकडा बघतेस म्हणून तो वाढतो. काढ ते घड्याळ."

"तूच दिलंस ना?"

"चुकलं माझं!" म्हणत तिने ते स्वतःच काढून कपाटात कोंबलं.

मग बाई गळ्याला दोन बोटं लावून मोजू लागल्या. तिकीट मागणाऱ्यांना वाटे, हिचा घसा धरलाय.

हे सगळं एक माणूस बघत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, चाळिशी ओलांडलेला. त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं, कारण बाईंनी बारा वर्षांपूर्वी त्याला 'कासव' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा हा गडी खोल बाजूला लटलट कापत उभा होता. वीस मजली इमारतीत दोराला लोंबकळणारा माणूस, पण पाणी बघून त्याची गाळण उडायची. बाईंनी त्याचं मनगट धरून दरडावलं होतं, "सकाळी काय खाल्लंस?" आणि कशाबरोबर खाल्लं, कुणी वाढलं, सगळं सांगेपर्यंत सोडलं नव्हतं. घाबरलेल्या प्रत्येकाला बाई हेच विचारायच्या. सांगता सांगता माणूस थंड व्हायचा आणि मग पाण्यात उतरायचा. आता कासव रोज वीस फेऱ्या मारायचा, सावकाश, बघणाऱ्याला जांभई यावी इतका सावकाश.

"बाई, माझ्या मागून या," तो म्हणाला. "फक्त मला ओलांडायचं नाही."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ह्या कासवाच्या मागून? मी? पण खिडकीतला पंखा आठवला आणि त्या निमूट उतरल्या.

तीन आठवडे नुसता छळ. हात पुढे धावायचे, बोटं त्याच्या टाचांना लागायची, की तो थांबून मागे वळायचा. "पाण्याशी भांडू नकोस, हे मला कोण ओरडायचं हो?" बाई दात खाऊन मागे सरकायच्या.

महिनाअखेर आली. सकाळीच व्यवस्थापक कागद घेऊन काठावर उभे. कासव पुढे, बाई मागे. वेळेचं नियमात काहीच नव्हतं, त्यामुळे इतकं सावकाश का, असं व्यवस्थापकांना म्हणता येईना. एक, दोन, पाच, सात. आठवीला छातीत ढोल वाजत होते, पण बाई थांबल्या नाहीत. बाहेर येऊन बाकावर बसल्या. व्यवस्थापकांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

आणि ढोल काही थांबेनात. पोहण्याचे नव्हतेच ते आता, भीतीचे होते. सव्वीस वर्षं एका आकड्यावर टांगलेली! बाईंची बोटं गळ्याकडे गेली. कासवाने ती धरून खाली आणली.

"सकाळी काय खाल्लंत, बाई?"

"तुला काय करायचंय, मेल्या!"

"सांगा की."

"अंडं," बाई फिस्कारल्या. "तव्याला चिकटलं. खरवडत बसले होते."

"मग?"

"मग लेक म्हणाली, सरक, मी करते. तिने दुसरं केलं. त्यात मीठच नव्हतं."

"तिला सांगितलंत?"

"नाही. तसंच संपवलं." बाईंचा आवाज खाली आला. "तीही घाबरली होती रे. माझ्यापेक्षा जास्त. दोनदा विचारलं तिने, आई, चांगलं झालंय ना? मी म्हटलं, फार छान झालंय."

दुसरं मनगट व्यवस्थापकांनी कधी हातात घेतलं, बाईंना कळलंच नाही.

"एकशे चार."

"परत मोजा," बाई म्हणाल्या.

त्यांनी परत मोजलं. "एकशे दोन."

बाई उठल्या. लंगडत खिडकीशी गेल्या, खिळ्यावरची शिट्टी काढून गळ्यात घातली. कासव डोळे पुसत बाकावर बसला होता. शिट्टी अशी कडाडली, की तो उडालाच.

"डावा पाय वाकडा पडतो तुझा. तीन आठवडे मागून बघतेय. उतर पाण्यात!"