काटोलच्या बाजारात खालचा सूर

आमच्या गायनमंडळात आम्ही सोळा जण होतो आणि पेटी एकच, तीही उसनी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी तालीम चालायची आणि पेटी त्या शाळेचीच असायची. एका हिवाळ्यात शाळेने सांगितलं की आता पेटी आम्हालाच लागते, तुम्ही तुमची सोय बघा. ते बरोबरच होतं, पण पेटीवाचून मंडळ चार दिवसही चाललं नसतं.

आमच्या मंडळाच्या मास्तरांनी नवी पेटी घ्यायचं ठरवलं. शेठजींकडे अर्ज करायचे नाहीत, तिकीट लावून कार्यक्रमही नाही. प्रत्येकाने पंचवीस पावत्यांचं एक पुस्तक घ्यायचं आणि फक्त आपापल्या ओळखीच्या माणसांकडे जायचं, एकेकट्याने. वर एक अट होती. नुसता हात पसरायचा नाही, आधी गायचं आणि मगच पावती फाडायची. आम्हा सगळ्यांना ही अट फार आवडली.

पण घोडं इथंच पेंड खात होतं. आमचं मंडळ दोन आवाजांत गायचं. दहा जण चाल म्हणायचे आणि आम्ही सहा जण तिच्याखालून वेगळेच स्वर धरून चालायचो. त्याला आम्ही खालचा सूर म्हणायचो. चालीबरोबर तो ऐकला की अंगावर काटा यायचा, आणि एकटाच ऐकला की वाटायचं, बाई चुकतेय. एकेकट्याने जायचं तर या सहा जणांनी लोकांच्या दारात काय गायचं, हे ना मास्तरांच्या डोक्यात आलं ना आमच्या. नेहमी सोळा तोंडांनी गाणाऱ्यांना असलं काही सुचतच नाही.

बाकीच्या पाच जणांनी चटकन वाट काढली. ते सरळ चाल म्हणू लागले. चाल मलाही येत होती, पण मी ती म्हणणार नव्हते. दोन वर्षं जे घोटलं तेच गाऊन मला पैसे हवे होते. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आई माझ्याबद्दल म्हणायची, ते काही उगीच नव्हतं.

महाल भागात राहणाऱ्या आत्याने माझं गाणं ऐकून एक पावती घेतली आणि सोबत ज्येष्ठमधाची कांडी दिली. बाबांच्या कचेरीतल्या एका काकांनी सर्दी किती दिवसांची आहे, असं विचारलं. पंधरा दिवसांत तीन पावत्या गेल्या, त्याही दयेच्या. बाबा कचेरीत हेडक्लार्क होते आणि मागणं हा शब्दच त्यांना सहन व्हायचा नाही. त्या काकांनी त्यांना माझी हकिगत चवीने सांगितली, तेव्हा बाबा घरी आले ते तापूनच.

"लोकांच्या दारात उभी राहून मागून राहिली तू, अन् तेही बेसूर," ते म्हणाले. "महिनाअखेर पुस्तक संपव. नाही संपलं तर मंडळ बंद."

पुस्तक संपणार नाही याची त्यांना खात्री होती. मलाही होती. मी बी.ए.ला होते, घरात भांडून उपयोग नव्हता, आणि मंडळ सुटलं तर माझ्याकडे माझं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं. रात्री उशीत तोंड खुपसून मी रडले, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

शेवटी मामा आठवला. मामा काटोलच्या संत्र्याच्या बाजारात अडत्या होता आणि त्याची ओळख म्हणजे अख्खा बाजार. मुलीने एकटीने बाजारात जायचं नाही म्हणून बाबा सोबत आले. सकाळच्या पहिल्या बसने आम्ही निघालो.

आंबिया बहाराची फळं उतरायचे दिवस होते. शेडमध्ये संत्र्यांचे ढीग लागलेले, शेतकरी आणि व्यापारी लिलावाची वाट बघत उभे. आमची भाची गाणार आहे, असं मामाने सगळ्यांना ओरडून सांगितलं. आम्ही मंडळात आपली रोजची आरतीही दोन आवाजांत बसवली होती. मी तिचाच खालचा सूर गायले. दोन ओळी झाल्या आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"काहून वं पोरी, चाल विसरली का?" धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, अगदी मायेने. सगळे हसले. बाबा चपलेकडे बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात झांज वाजली. त्या बाजाराचा रिवाज असा की भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीपुढे आरती झाल्याशिवाय पहिला ढीग विकायचा नाही. सगळे टोप्या सारख्या करून उभे राहिले आणि शंभरेक गळ्यांनी तीच आरती सुरू केली, खच्चून. मग मी मागेपुढे बघितलं नाही. रागारागातच त्यांच्याखाली माझा सूर धरला आणि सोडला नाही.

पहिल्या कडव्याला कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याला माझ्या शेजारचे लोक माना वळवून बघू लागले, आणि त्यांनी आपोआप आवाज खाली आणला. मग त्यांच्या पुढच्यांनी आणला. शेडमध्ये ते दोन्ही आवाज एकमेकांना धरून उभे राहिले. आमच्या सोळा जणांचं गाणं कधी एवढं मोठं झालं नव्हतं, आणि खाली मी एकटी होते.

आरती संपली. झांजवाला झांज धरून तसाच उभा. मघाचाच म्हातारा म्हणाला, "थांबा गा, लिलाव नोका करू. पुन्हा म्हन वं पोरी, आमी हळू म्हनतो. तुहा आवाज आयकू दे."

त्या दिवशी काटोलच्या बाजारात आरती दोनदा झाली. दुसऱ्या वेळी माझ्या कानाशी एक नवा आवाज आला, जाडसर, थोडा कापरा. बाबा चाल म्हणत होते. चारचौघांत त्यांना गाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर सूर गेला असता. पावत्या तासाभरात संपल्या आणि मागून आलेल्या लोकांना मी परत पाठवलं. इतका अभिमान मला नंतर पदवीचाही वाटला नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा बाहेर बघत होते. मंडळ बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. नवी पेटी आली, तालमी वाढल्या, मला घरी यायला साडेआठ व्हायला लागले. आमच्याकडे सातच्या ठोक्याला होणारी आरतीही मग साडेआठला होऊ लागली. एकदा दार ढकलून आत येताना मी ऐकलं, आई वैतागून म्हणत होती की भूक लागली आहे, उरकून घ्या एकदाचं.

"थांब नं जरा," बाबा म्हणाले. "खालचा सूर यायचा आहे अजून."