पर्यायी विमानतळ: नागपूर

माझे सासरे वसंतराव विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत वैमानिक झाले. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये रोज जयपूरहून विमान न्यायचं. त्याआधी मार्ग आखायचा, वारा बघायचा, इंधन मोजायचं. आराखडा एकदा ठरला की ठरला, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

त्यात एक पर्यायी विमानतळ आधीच लिहावं लागतं. ठरल्या जागी हवामान बिघडलं, तर तिकडे जायचं. बाबा कुठेही निघोत, पर्यायी विमानतळ नागपूरच. अगदी उदयपूरला जातानासुद्धा! जवळची शहरं सोडून, थेट नागपूरपर्यंत पुरेल एवढं इंधन भरून हा माणूस उदयपूरला निघायचा. मला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तरी मी शेजारी बसून त्यांची मनसोक्त थट्टा करायचे. ते इंधनाचे आकडे लिहीत राहायचे.

परवा रविवारी स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर मी तीच थट्टा केली. त्यांनी गॅस बंद केला.

"तिथे अवनी असते," त्या म्हणाल्या. "तुझी नणंद."

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. माझा नवरा कौशिक एकुलता एक, असं मला सांगितलं होतं. घरात तिचा एक फोटो नाही. बाबांची नागपूरहून इथे बदली झाली तेव्हा ती बारावीला जाणार होती. आता पुन्हा शाळा बदलणार नाही, मावशीकडे राहते, असं तिने ठणकावून सांगितलं. मग आमच्या दारात पाऊल टाकू नकोस, असं बाबा रागाच्या भरात बोलून गेले. तिने ते खरं केलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली. बाबा गेले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवरून? मी सुन्न झाले आणि मग भयंकर चिडले. कौशिकला जाब विचारला, तर म्हणे, तिचं नाव काढलं की बाबांना त्रास होतो.

बाबा तेव्हा उदयपूरच्या वाटेवर होते. विमान आपोआप चालू ठेवून ते पाणी प्यायला उठले, तेवढ्यात मी हवामान उघडलं आणि उदयपूरवर दाट धुकं टाकलं. शेजारी बसून एवढं शिकले होते.

परत आल्यावर त्यांनी दोनदा उतरायचा प्रयत्न केला. धावपट्टी दिसेना. आता ते खेळ बंद करणार, असं मला वाटलं.

"आता काय, बाबा?"

"आराखड्यात लिहिलंय, अनुया. तिकडे जायचं." त्यांनी विमान वळवलं.

तासाभराने नागपूर दिसू लागलं तेव्हा त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, आणि माझं मलाच वाईट वाटलं. विमान टेकलं, थांबलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ती येईल का गं घ्यायला?"

मी माझा फोन काढला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि नंबर दाबला. सासूबाई दारात थक्क होऊन उभ्या होत्या. नंबर बाबांना कुठे बघावा लागला नाही.