सासऱ्यासमोर विचारलेला प्रश्न

आमच्या दवाखान्यात तेव्हा पोटदुखीवर एक संशोधन चालू होतं. कळवळत आलेल्या काही रुग्णांना मास्कमधून नायट्रस ऑक्साइड हा दुखणं बधिर करणारा वायू द्यायचा, काहींना नुसता ऑक्सिजन, आणि दुखणं किती उतरलं ते लिहायचं. फॉर्म माझ्याकडं. इतकी वर्षं नर्स आहे, फॉर्म मी डोळे मिटून भरते, असा माझा तोरा.

त्यातला एक प्रश्न फार महत्त्वाचा होता: वारा सरतो का? आतडं अडकलेलं असलं तर वारा सरत नाही, आणि हा मास्कमधला वायू आत शिरून ते आणखी फुगतं, फुटूही शकतं. अशा माणसाला मास्क द्यायचाच नाही.

एका दुपारी पाचोडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली सून आली. पदर दातात धरलेला. सोबत सासरा, तिची पिशवी छातीशी घेऊन उभा. मी सवयीनं खणखणीत आवाजात विचारलं, "वारा सरतो का गं?"

तिनं मान डोलावली. मी 'होय' लिहिलं. घाईत असलेल्या डॉक्टरांनी माझ्या 'होय'वर सही ठोकली.

मास्क देण्याआधी तिची साडी कमरेशी सैल करायला गेले, तर पोट टम्म फुगलेलं. "बाबा, जरा पाण्याची बाटली आणा," म्हणून सासऱ्याला बाहेर पिटाळलं आणि पुन्हा विचारलं.

"दोन दिस झाले, सरला न्हाई, सिस्टर. मामंजींपुढं कसं सांगू?"

"अगं बये, जीव गेला असता की तुझा!" मी मास्क बाजूला केला.

"लावा की वो तेवढं. लई दुखतंय," ती रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मास्क दिला नाही. डॉक्टरांना ओढून आणलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. एक्स-रेत आतडं अडकलेलंच निघालं. ऑपरेशन झालं, वाचली.

दुसऱ्या दिवशी सासरा मला शोधत आला. "माझ्यामुळं गप बसली व्हय? मग मला आधीच भाईर काढायचं ना, सिस्टर. मी काय नाय म्हनलो असतो का?"

त्या दिवशी जुने फॉर्म काढून बसले. बायकांच्या एकूण एक फॉर्मवर 'होय'. विचारताना खाटेशी कोण उभं होतं, ते काही केल्या आठवेना.