भावाच्या नावाचा ठसा

माझा थोरला भाऊ धुळ्यात चामड्याच्या पिशव्या शिवायचा. वकील, कारकून कोर्टकचेरीत काखेत धरून नेतात तशा, झाकणाच्या. आमच्या जातीचा धंदाच तो, पण भावाच्या टाक्याला शिस्त होती. माल जळगावच्या एका गुजराथी दुकानदाराकडे जायचा आणि त्याच्या दुकानाच्या नावावर खपायचा. भावाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी शाळेच्या ओसरीवर बसून बालबोध आणि मोडी दोन्ही शिकलो होतो. वळण बरं होतं, म्हणून घरात शहाणा ठरलो होतो.

एकदा पारोळ्याकडून एक जुनं खोगीर दुरुस्तीला आलं. त्याच्या बाजूला लोंबणाऱ्या पल्ल्यावर पितळी तारेने मोडी अक्षरं शिवलेली होती. मी वाचून दाखवलं. कुणा सरदाराचं नाव होतं.

"आनि शिवणारानं?" भावाने विचारलं.

"शिवणाऱ्याचं कोण घालतं?"

भाऊ बराच वेळ त्या तारेवरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, "माले आसंच जुनं अक्षर काढी दे. मनं नाव, बापनं नाव, गावनं नाव. बस."

मला हसू आलं होतं, पण त्याच्या तोंडाकडे पाहून गिळलं. बोरू घेऊन बसलो. मोडीची रीत अशी की आधी डोक्यावरची आडवी रेघ सबंध ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. भावाला ती फार पटली. एकाच दोऱ्याने सबंध शिवण घालावी तसंच हे, असं तो म्हणाला. मी शेवटच्या अक्षराचं शेपूट वळवून पुन्हा रेघेला नेऊन टेकवलं. एका सोनाराने ते पितळेत उलटं कोरून दिलं. ठसा मात्र त्याने पायरीवर ठेवला आणि आम्ही तो तिथून उचलला. तेव्हा वाईटही वाटलं नाही, इतकी सवय होती.

ओल्या चामड्यावर पहिल्यांदा ठसा उमटला तेव्हा भावाने मला तो वाचायला लावला, मग वहिनीसमोर पुन्हा वाचायला लावला. त्याला इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुकानदाराला मोडी येत नव्हती. "वेलबुट्टी सरस आहे," तो म्हणाला. तो विचारेना, आम्ही सांगेना. गिऱ्हाईकांनाही वेल आवडली. नव्या पोरांना बालबोधच तेवढी येते, त्यामुळे कुणी वाचील ही भीती नव्हती. नाव उजळ माथ्याने बाजारात फिरत होतं ते कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून. ही असली चैन आमच्या नशिबी.

पुढे एका पेन्शनर कारकुनांनी पिशवी घेतली आणि ती परत घेऊन आले. जन्म कचेरीत मोडी वाचण्यात गेलेला. मी तेव्हा माल पोचवायला जळगावला गेलो होतो, दुकानाच्या पायरीखाली उभा होतो. त्यांनी चष्मा लावून भावाचं नाव, बापाचं नाव, गाव असं खणखणीत वाचलं आणि दुकानदाराला विचारलं, "हे नाव काखेत घेऊन मी चारचौघांत हिंडायचं?"

पिशवी कोण शिवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. चामडं चालतं, नाव चालत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "नक्षी राहू दे, खपते. नाव तेवढं काढा."

घरी येऊन भावाला सगळं सांगितलं. तो रापीला धार लावत होता. धार लावून झाल्यावर म्हणाला, "वेल सारी तशीच राहू दे. फक्त कोनले वाचता येवाले नको."

काहीच न म्हणणारं अक्षर काढणं सोपं नसतं. मोडीची सवय लागलेला हात जरा वळला की कुठलंतरी अक्षर होऊन बसायचं. ते मोडायचं, पुन्हा काढायचं. शेवटी जमलं. लांबून अगदी पहिल्यासारखं, जवळून पाहावं तर काही नाही. मला ते काम करताना रडू येत होतं. नवा ठसा झाला, पिशव्या पहिल्यासारख्याच खपल्या आणि एकही परत आली नाही.

काही वर्षांनी भावाच्या बोटांना कंप सुटला. टाका सरळ पडेना. दुकानदाराने दुसरा कारागीर धरला आणि निरोप पाठवला की ठसा द्या, गिऱ्हाईक तीच वेल मागतं.

मी म्हणालो, "भाऊ, देऊ नकोस. लोक त्याच्यावरूनच तुझ्या हातचा माल ओळखतात."

भावाने ठसा फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"दी टाक," तो म्हणाला. "त्यामा मनं काय शे?"